पडदा निकामी झालेल्या ऑल-इन-वन संगणकाचा पुनर्वापर

ऑल-इन-वन संगणकाचा अंगचा पडदा फुटला, काळा पडला किंवा अंधूक झाला, पण आतील मदरबोर्ड, प्रोसेसर, स्मृती व साठवण शाबूत असली, तर तो संगणक बाहेरील मॉनिटर जोडून अथवा मॉनिटरविना सर्व्हर म्हणून पुन्हा कामाला लावण्याच्या प्रक्रियेस पडदा निकामी झालेल्या ऑल-इन-वन संगणकाचा पुनर्वापर असे म्हणतात. टॉवर प्रकारच्या संगणकात मॉनिटर बिघडल्यास दुसरा मॉनिटर लावला की काम भागते. ऑल-इन-वन प्रकारात पडदा व संगणक एकाच आवरणात असल्याने पडदा गेला की संपूर्ण यंत्रच गेले, असा समज होतो आणि चांगला संगणक भंगारात निघतो.

या कामातील अडचण बहुधा विजेची किंवा सुट्या भागांची नसते. यंत्राच्या लेखी त्याचा अंगचा पडदा अजूनही जागेवरच असतो आणि सुरुवातीची निवडसूची, परवलीच्या शब्दाची चौकट, दुरुस्तीची साधने हे सर्व ते त्याच न दिसणाऱ्या पडद्यावर दाखवत राहते. पुनर्वापराच्या बहुतेक पद्धती ही एकच अडचण सोडवण्यासाठी आहेत.

पार्श्वभूमी

पडदा व संगणक एकत्र ठेवण्याची कल्पना वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी आहे. १९७७ मधील कमोडोर पेट आणि १९८४ मधील ॲपलचा पहिला मॅकिंटॉश ही त्याची ठळक उदाहरणे होत. १९९८ मध्ये आलेल्या रंगीत, अर्धपारदर्शक आवरणाच्या आयमॅकने हा प्रकार घराघरांत लोकप्रिय केला. त्यात काचेच्या नळीचा, म्हणजे कॅथोड किरण नलिकेचा पडदा होता. २००२ च्या आयमॅकमध्ये सपाट पडदा दांडीवर आणि संगणक खालच्या घुमटाकार तळात होता, तर २००४ पासून संगणक पडद्याच्या पाठीमागे गेला. आजचे बहुतेक ऑल-इन-वन, मग ते ॲपलचे असोत वा विंडोजवर चालणारे डेल, एचपी, लेनोव्हो यांचे, याच रचनेचे आहेत.

रचना जसजशी सडपातळ होत गेली तसतसा पडदा बदलणे अवघड झाले. २००७ ते २०११ या काळातील ॲल्युमिनियमच्या आयमॅकमध्ये पुढची काच चुंबकांनी धरलेली असे. काच चिकटवण्याच्या रबरी कपाने ती उचलता येई आणि काच फुटली तर केवळ काच बदलून भागे. २०१२ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून काच व पडद्याचे पॅनेल एकसंध झाले आणि ते आवरणाला चिकटपट्टीने जोडले गेले. त्यामुळे काचेला तडा गेला तरी पूर्ण पॅनेल बदलावे लागते. पाच-सहा वर्षे वापरलेल्या यंत्राच्या बाबतीत नव्या पॅनेलची किंमत व मजुरी मिळून होणारा खर्च बहुधा यंत्राच्या बाजारभावाच्या आसपास किंवा त्याहून अधिक जातो. दुरुस्ती शक्य असूनही परवडत नाही, अशा ठिकाणीच पुनर्वापराचा प्रश्न उभा राहतो.

बिघाडाचे निदान

पडदा काळा असणे म्हणजे पडदा निकामी असणे असे नव्हे. पुनर्वापराचा निर्णय घेण्यापूर्वी दोष पॅनेलचा आहे, पार्श्वप्रकाशाचा आहे, जोडणाऱ्या केबलचा आहे की ग्राफिक्स चिपचा, हे ठरवणे आवश्यक असते. पहिल्या तीन दोषांत संगणक वाचतो. चौथ्यात मात्र बाहेरील मॉनिटरवरही चित्र येत नाही किंवा विस्कटलेले येते.

सर्वांत सोपी चाचणी विजेरीची आहे. संगणक सुरू करून अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरपा प्रकाश टाकावा. पुसटशी चिन्हे किंवा खिडक्या दिसल्या तर पॅनेल चित्र काढत आहे, फक्त त्यामागचा प्रकाश गेला आहे. जुन्या पडद्यांत हा प्रकाश बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा असे व त्यांना उच्च दाब पुरवणारा इन्व्हर्टर वारंवार बिघडे. नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात. इन्व्हर्टर किंवा फ्यूज बदलून पडदा उजळत असेल, तर पुढचे काहीच करावे लागत नाही.

दुसरी खूण आवाजाची आहे. सुरू होतानाचा नाद, पंख्याची लय, कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा लागणे-विझणे यांवरून संचालन प्रणाली उघडली की नाही हे कळते. इंटेल प्रोसेसरच्या अनेक आयमॅकमध्ये मदरबोर्डवर निदानासाठी चार लहान दिवे असतात व पडदा उचलल्यावर ते दिसतात. पहिला वीज पोहोचल्याचे, दुसरा यंत्र सुरू झाल्याचे, तिसरा ग्राफिक्स चिपशी संपर्क झाल्याचे आणि चौथा पडद्याशी संपर्क झाल्याचे दर्शवतो. पहिले तीन लागून चौथा विझलेला राहिला, तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा असण्याचा संभव मोठा. ग्राफिक्स चिपमधील दोष मात्र कानामागे टाकू नये. २०११ च्या मध्यातील २७ इंची आयमॅकच्या काही संचांत ग्राफिक्स कार्ड निकामी होत असल्याने ॲपलने ते बदलून देण्याची मोहीम २०१३ मध्ये राबवली होती. असा जुना संच पडदा गेल्याच्या समजुतीने घेतल्यास निराशा पदरी येते.

स्पर्शपडदा असलेल्या संगणकांत आणखी एक लक्षण दिसते. काच तडकल्यावर संवेदक आपोआप स्पर्श नोंदवू लागतो, दर्शक स्वतःहून पळतो आणि खिडक्या उघडतात-मिटतात. हा संवेदक बहुधा आतून यूएसबीद्वारे जोडलेला असतो. त्याची केबल सोडवली अथवा प्रणालीत त्याचे चालक बंद केले, की हा उपद्रव थांबतो.

विदा परत मिळवणे

पडदा गेल्यावर बहुतेकांना पहिली चिंता यंत्राची नसून आतील छायाचित्रे, हिशेब किंवा प्रबंधाची असते. म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी विदा दुसरीकडे उतरवून घेणे इष्ट असते. जुन्या संचांतून हार्ड डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या पेटीत बसवली, की ती दुसऱ्या संगणकावर वाचता येते. इंटेल प्रोसेसरचा आयमॅक न उघडताही हे साधते. सुरू करताना कळफलकावरील टी ही कळ दाबून धरल्यास तो संगणक बाह्य डिस्कसारखा वागू लागतो आणि फायरवायर किंवा थंडरबोल्ट केबलने दुसऱ्या मॅकवर दिसतो. या कृतीसाठी पडद्याकडे पाहण्याची गरज नसते.

नव्या यंत्रांत ही वाट अरुंद झाली आहे. २०१७ च्या आयमॅक प्रोमध्ये व २०२० च्या २७ इंची आयमॅकमध्ये टी२ नावाची सुरक्षा चिप आहे. तिच्यामुळे साठवणीतील विदा त्या विशिष्ट मदरबोर्डशी बांधलेल्या किल्लीने सांकेतिक होते, आणि साठवण वेगळी काढून वाचता येत नाही. शिवाय बाह्य डिस्कवरून यंत्र सुरू करण्यास मूळ मांडणीत मनाई असते व ती मनाई उठवण्याचा पर्याय पडद्यावरच असतो. विंडोज संगणकांत बिटलॉकर चालू असल्यास डिस्क दुसरीकडे लावताच पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती किल्ली कोठे जपून ठेवली आहे हे पडदा चांगला असतानाच पाहून ठेवलेले बरे.

बाहेरील मॉनिटरवर वापर

ग्राफिक्स चिप शाबूत असेल तर सर्वांत सरळ उपाय म्हणजे बाहेरील मॉनिटर किंवा दूरचित्रवाणी संच जोडणे. आयमॅकमध्ये काळानुसार मिनी डिस्प्लेपोर्ट, थंडरबोल्ट किंवा यूएसबी-सी या जोडण्या असतात व त्यांना एचडीएमआयचे रूपांतरक लावता येते. विंडोजच्या ऑल-इन-वनमध्ये मात्र एका गोष्टीने अनेकांची फसगत होते. मागे दिसणारे एचडीएमआयचे छिद्र चित्र बाहेर देणारेच असेल असे नाही. काही संचांत ते चित्र आत घेणारे असते. त्यात गेमिंग कन्सोल किंवा लॅपटॉप जोडून ऑल-इन-वनचा पडदा मॉनिटर म्हणून वापरावा, हा त्यामागचा उद्देश असतो. पडदा निकामी झालेल्या संचात अशा जोडणीचा काहीच उपयोग नाही. छिद्राशेजारी आत किंवा बाहेर असे दर्शवणारे शब्द अथवा बाण असतो, तो पाहावा किंवा त्या प्रतिमानाची पुस्तिका तपासावी. २००९ ते २०१४ या काळातील काही आयमॅकमध्ये असलेली, संगणकाला दुसऱ्या यंत्राचा मॉनिटर बनवणारी सोयही याच कारणाने येथे गैरलागू ठरते.

केवळ आत घेणारी जोडणी असलेल्या संचांत यूएसबीवरून चित्र देणारी रूपांतरके वापरता येतात. डिस्प्लेलिंक तंत्रज्ञानावरील अशी रूपांतरके बाजारात मिळतात. ती संचालन प्रणालीतील चालकावर अवलंबून असल्याने प्रणाली पूर्ण उघडल्यावरच चालू होतात, व बायोसची मांडणी किंवा सुरुवातीचे पडदे त्यांवर कधीच दिसत नाहीत.

बाहेरील मॉनिटर जोडल्यावरही अडचण संपत नाही. बहुतेक प्रणाली नवा मॉनिटर हा अंगच्या पडद्याचा विस्तार मानतात. त्यामुळे बाहेरील मॉनिटरवर केवळ पार्श्वचित्र दिसते आणि सूचीपट्टी, परवलीच्या शब्दाची चौकट व खिडक्या निकामी पडद्यावर उघडतात. विंडोजमध्ये विंडोज कळ व पी एकत्र दाबल्यास प्रक्षेपणाचे पर्याय येतात व त्यांतील शेवटचा पर्याय फक्त दुसरा पडदा वापरण्याचा असतो. मॅकमध्ये कमांड कळ व प्रकाश कमी करण्याची, म्हणजे सहसा एफ१ ही कळ एकत्र दाबल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येते. एवढे साधले की पुढील मांडणी डोळ्यांनी पाहून करता येते. लिनक्समध्ये पडद्यांच्या मांडणीतून अंतर्गत पडदा बंद करता येतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे कर्नल सुरू होताना द्यावयाच्या सूचनांत अंतर्गत जोडणी बंद ठेवण्याची सूचना कायमची लिहून ठेवणे. मग प्रवेशाची चौकटही थेट बाहेरील मॉनिटरवर येते.

पडदा दिसत नसताना येथपर्यंत पोहोचायचे कसे, याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळते. दृष्टिहीन व्यक्तींसाठी प्रत्येक मोठ्या प्रणालीत पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा वाचक अंगभूत असतो. मॅकमध्ये कमांड व एफ५ या कळांनी, तर विंडोजमध्ये कंट्रोल, विंडोज कळ व एन्टर यांनी तो सुरू होतो. ग्नोम पटल असलेल्या लिनक्समध्येही त्याची सोय आहे. डेबियनच्या स्थापना तबकडीत तर सूची तयार झाल्याचे कळवणारा बीप वाजतो, आणि त्यानंतर एस व एन्टर दाबल्यास सर्व स्थापना बोलून घडवली जाते. अशा सोयी मोजक्याच लोकांच्या उपयोगाच्या, असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पण पडदा गेलेल्या यंत्रासमोर बसलेला डोळस माणूसही त्यांच्यावरच विसंबतो.

जेथे हेही शक्य नसते तेथे प्रणाली अन्यत्र स्थापन करून आणण्याचा मार्ग उरतो. दुसऱ्या चालू संगणकावर एसएसडी लावून त्यात लिनक्स स्थापन करावे, दूरस्थ प्रवेश सुरू करावा, आणि मग ती एसएसडी मूळ यंत्रात बसवावी. लिनक्स सहसा नव्या मदरबोर्डाशी जुळवून घेते. या पद्धतीतील नेहमीचा अडथळा नेटवर्कचा असतो. अलीकडच्या वितरणांत नेटवर्क कार्डाचे नाव ते मदरबोर्डवर कोठे जोडले आहे यावरून ठरते. यंत्र बदलले की नावही बदलते, व जुन्या नावासाठी लिहिलेली मांडणी निरुपयोगी होऊन यंत्र नेटवर्कवर दिसतच नाही. म्हणून तारेने जोडलेल्या कोणत्याही कार्डाला पत्ता मिळेल अशी सर्वसाधारण मांडणी आधीच करून ठेवावी. वायफायवर मात्र भिस्त ठेवू नये, कारण अनेक आयमॅकमधील ब्रॉडकॉम चिपचे चालक वेगळे बसवावे लागतात.

पडद्याविना सर्व्हर म्हणून वापर

यंत्राला मॉनिटर न जोडता ते नेटवर्कवरूनच चालवले, तर पडद्याचा प्रश्नच उरत नाही. घरातील किंवा छोट्या कार्यालयातील संचिकांचा सामायिक साठा, इतर संगणकांच्या प्रती साठवण्याचे ठिकाण, चित्रपट व संगीत पुरवणारा सर्व्हर, मुद्रकाचा सर्व्हर, जाहिराती गाळणारा नामसर्व्हर, किंवा विद्यार्थ्यांसाठी प्रोग्रॅमिंगच्या सरावाचे यंत्र अशी अनेक कामे त्याला देता येतात. यांपैकी बहुतेकांना दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरतो. संचिका सामायिक करण्यासाठी सांबा, माध्यमांसाठी जेलीफिन व जाहिराती गाळण्यासाठी पाय-होल ही मुक्त सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत.

दूरस्थ प्रवेशासाठी आज्ञापटलावरून एसएसएच आणि चित्ररूप पटलासाठी व्हीएनसी यांचा वापर होतो. मॅकमध्ये दोन्ही अंगभूत आहेत. विंडोजच्या होम आवृत्तीवर दुसऱ्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने प्रवेश करता येत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती किंवा अन्य सॉफ्टवेअर लागते. कोणताही मॉनिटर जोडलेला नसल्यास काही यंत्रे अत्यंत कमी रिझोल्यूशनचे पटल देतात अथवा ग्राफिक्स चिपचा वापर टाळतात. यावर उपाय म्हणून एचडीएमआयच्या छिद्रात बसणारी एक छोटी पोकळ खुंटी मिळते. तिच्यात मॉनिटरची ओळख सांगणारी चिप असते व संगणकाला मॉनिटर जोडलेला आहे असे वाटते.

सर्व्हर म्हणून ठेवलेले यंत्र वीज गेल्यानंतर कोणी हात न लावता पुन्हा सुरू झाले पाहिजे. मॅकमध्ये ऊर्जाबचतीच्या पर्यायांत व इतर संगणकांत बायोसमध्ये तशी मांडणी असते. डिस्क सांकेतिक केलेली असल्यास मात्र पेच निर्माण होतो. मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट चालू असेल, तर प्रणाली उघडण्यापूर्वीच परवलीचा शब्द मागितला जातो. त्या वेळी सहसा नेटवर्क सुरू झालेले नसते आणि ती चौकट बहुधा निकामी पडद्यावरच येते. मग प्रत्येक भारनियमनानंतर यंत्रापाशी जाऊन शब्द आंधळेपणाने टंकावा लागतो. विदा सांकेतिक ठेवायची की यंत्र विनासायास उठू द्यायचे, यांतील निवड आतील विदा किती संवेदनशील आहे यावरून करावी. ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाने केवळ सोयीखातर सांकेतिकीकरण काढून टाकू नये.

जुन्या यंत्रात एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे असते. पडदा जाईपर्यंत वापरलेल्या संगणकाची फिरती हार्ड डिस्कही तितकीच जुनी असते. सर्व्हर करण्यापूर्वी तिच्या जागी एसएसडी बसवणे हा वेग व विश्वासार्हता दोन्ही दृष्टींनी सर्वांत फायद्याचा बदल ठरतो.

पडदा काढून टाकणे

निकामी पॅनेल आवरणातून पूर्ण काढल्यास काही यंत्रांत अंगच्या पडद्याचा भ्रम मुळातूनच नाहीसा होतो. पॅनेलची केबल सुटली की संगणकाला पडद्याची ओळख वाचता येत नाही, आणि अनेकदा सुरुवातीच्या निवडसूचीसह सर्व चित्र बाहेरील मॉनिटरवर येऊ लागते. वजन व जाडी कमी झाल्याने उरलेले यंत्र टेबलाखाली किंवा मॉनिटरच्या पाठीमागे बसवता येते.

हे काम निष्काळजीपणे करण्याजोगे नाही. विंडोजच्या बहुतेक ऑल-इन-वनना लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर असतो व आत सुमारे १९ व्होल्टच पोहोचतात. २०२० पर्यंतच्या आयमॅकमध्ये मात्र वीजपुरवठ्याचा भाग आवरणाच्या आतच असतो. २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश झाल्यावर त्यातील कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत किंवा त्याहून अधिक भारित होतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तसाच राहतो. पडदा काढल्यावर हा भाग उघडा पडतो. म्हणून उघड्या अवस्थेत यंत्र चालवू नये. पडद्याच्या जागी ॲक्रिलिकचा अथवा अन्य विद्युतरोधक पत्रा बसवून वाऱ्यासाठी जागा सोडावी. घरात मुले असल्यास ही बाब ऐच्छिक मानता येणार नाही. काचनळीचे जुने आयमॅक घरी उघडूच नयेत. त्या नळीच्या अग्रावरील दाब हजारो व्होल्टचा असतो, तो टिकून राहतो, आणि नळी फुटल्यास काचा उडतात.

थंडाव्याची व्यवस्थाही पडद्याशी निगडित असते. पुढची बाजू बंद आहे असे गृहीत धरून पंख्यांचे वायुमार्ग आखलेले असतात. समोर पोकळी राहिली तर हवा मधूनच निसटते व प्रोसेसर तापतो. त्याशिवाय २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये तापमापक संवेदक पॅनेललाच चिकटवलेला असतो. तो न जोडता यंत्र सुरू केल्यास तापमान कळत नसल्याने पंखे पूर्ण वेगाने घोंगावू लागतात. पॅनेल काढताना हा संवेदक सोडवून आवरणाच्या आत चिकटवावा व त्याची तार पुन्हा जोडावी, म्हणजे पंख्यांवर नियंत्रण ठेवणारे वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

वीजखर्च आणि मर्यादा

पुनर्वापर नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. समजा, एखादे यंत्र पडदा बंद ठेवून निष्क्रिय असताना ४० वॅट वीज घेते. चोवीस तास चालू ठेवल्यास ते महिन्याला सुमारे २९ युनिट खाईल. हेच काम ५ वॅटच्या एकपटली संगणकाने केले, तर ३.६ युनिट पुरतात. फरक अवघ्या २५ युनिटांचा असला तरी वर्षात तो ३०० युनिटांपर्यंत जातो, आणि दोन-तीन वर्षांत नव्या छोट्या यंत्राची किंमत त्यातून निघू शकते. म्हणून सतत चालू राहणाऱ्या हलक्या कामासाठी जुना, शक्तिशाली ग्राफिक्स चिप असलेला २७ इंची संच ही बहुधा चुकीची निवड ठरते. दिवसातून काही तास लागणाऱ्या कामासाठी, उदा. चित्रफितींचे रूपांतर, विद्यार्थ्यांचा सराव किंवा रात्री एकदा घ्यावयाच्या प्रतींसाठी, तोच संच योग्य असतो. नेटवर्कवरून संदेश पाठवून यंत्र जागे करण्याची सोय बहुतेक संचांत असते, ती येथे उपयोगी पडते.

दुसरी मर्यादा सुरक्षेच्या अद्ययावततेची आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. जुन्या आयमॅकनाही मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या मिळत नाहीत. नेटवर्कवर कायम राहणाऱ्या यंत्रासाठी म्हणूनच अद्ययावत लिनक्स वितरण बसवणे हिताचे असते. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक वितरणांत उपलब्ध असल्याने मराठी टंकलेखनाची अडचण येत नाही. केरळमधील शासकीय शाळांनी मुक्त प्रणालींचा राज्यव्यापी वापर दीर्घकाळ केला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बाहेरील मॉनिटर जोडून असे संच बसवायचे असतील, तर तो अनुभव पाहण्याजोगा आहे.

निकामी पडद्याचा उपयोग

फुटलेल्या पॅनेलमधील द्रवस्फटिकाचा थर गेला तरी त्यामागील थर बहुधा चांगले असतात. प्रकाश सारखा पसरवणाऱ्या ॲक्रिलिकच्या जाड पत्र्यामागे किंवा कडेने एलईडी लावून छायाचित्रणासाठी अथवा शिवणकाम व चित्रकलेसाठी सौम्य प्रकाशाचा फलक करता येतो. पॅनेलच्या मूळ एलईडी पट्ट्यांना बहुधा बरेच अधिक व्होल्ट व नियंत्रित प्रवाह लागतो. त्यामुळे १२ व्होल्टच्या साध्या पट्ट्या बसवणे सोपे जाते. ध्रुवणाचे पापुद्रे भौतिकशास्त्राच्या प्रयोगांना उपयोगी पडतात. दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवून फिरवले की प्रकाश अडवला जातो, आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरल्यास तिच्यातील ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. फ्लुरोसंट नळ्यांच्या जुन्या पॅनेलमध्ये पारा असतो. अशी पॅनेल घरी फोडू नयेत.

रिकाम्या आवरणांचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. जुन्या मॅकिंटॉशच्या आवरणात मासे पाळण्याची कृती अमेरिकी तंत्रस्तंभलेखक अँडी इह्नाट्को यांनी १९९० च्या दशकात लिहून प्रसृत केली व त्या मत्स्यपेटीला ‘मॅक्वेरियम’ हे नाव रूढ झाले. पण संगणक चालू असताना त्याचे असे शोभेच्या वस्तूत रूपांतर करणे म्हणजे पुनर्वापराची सर्वांत खालची पायरी म्हणावी लागेल.

याच्या उलट परिस्थितीत, म्हणजे संगणक निकामी व पडदा चांगला असताना, पॅनेलला नियंत्रक बोर्ड जोडून साधा मॉनिटर बनवतात. पॅनेलच्या पाठीवरील प्रतिमान क्रमांक पाहून त्याला जुळणारा बोर्ड घ्यावा लागतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, पुण्यातील तापकीर गल्ली व दिल्लीतील नेहरू प्लेस येथील दुकानदार यासाठी पॅनेल सोबत आणण्यास सांगतात, कारण केबलची टोके सारखी दिसली तरी त्यांतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

भारतातील नियम व विल्हेवाट

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला व त्यापैकी २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले व त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली. या नियमांत उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकलेली आहे, आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. कार्यालये व शिक्षणसंस्था यांसारख्या मोठ्या वापरकर्त्यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच द्यावयाचा असतो. प्रत्यक्षात बराच माल असंघटित बाजारात जातो. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी उघड्यावर मंडळपट्ट्या जाळून व आम्लात बुडवून धातू काढले जातात, आणि त्याची किंमत तेथील कामगार आपल्या आरोग्याने मोजतात.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. त्यातील माहिती उत्पादकांनी स्वेच्छेने द्यावयाची असल्याने चिकटवलेल्या पडद्यांच्या सुट्या भागांच्या किमतींवर तिचा थेट अंकुश नाही.

पुनर्वापर करायचा नसेल, तर यंत्र देण्यापूर्वी साठवण पुसून टाकणे वापरकर्त्याच्या हाती राहते. पडदा काळा असला तरी डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा असतो, व भंगारात घेणाऱ्याला केवळ एक मॉनिटर जोडायचा असतो. साठवण काढता येत असेल तर ती काढून घ्यावी. मदरबोर्डवर पक्की बसवलेली असल्यास बाहेरील मॉनिटर लावून ती प्रणालीतून पुसावी, आणि क्लाउडवरील खात्याशी असलेला यंत्राचा दुवा तोडावा. हा दुवा तसाच राहिला तर यंत्र पुढच्या वापरकर्त्यासाठी कुलूपबंद होते आणि चालू मदरबोर्डही सुट्या भागांच्या भावाने विकावा लागतो.